मिस हॅलमच्या खिडकीखाली

तन्वी, ईशान,

आता जे लिहिणार आहे ते तुमच्या आजोबांनाही माहीत नव्हतं. त्यांच्यापासून मी फारसं काही लपवलं नाही. सासूबाईंविषयी माझं खरं मत काय होतं, तेसुद्धा त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण हे नाही. तुमच्या आईला नाही, माझ्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत असे.

मागच्या रविवारी फोनवर तन्वी म्हणाली, "आजी, तू लाइफमध्ये कधी काही राँग केलाच नसेल. तू तर डस्टरपण इस्त्री करते." तुम्ही सगळे हसलात. मीही हसले. मग फोन ठेवला आणि हसू थांबलं. वाटलं, ही मुलं मला कुणी दुसरीच बाई समजून बसली आहेत. का समजू द्यायचं? मी अजून जिवंत आहे, हात लिहिता आहे, डोकं जागेवर आहे.

तेव्हा ऐका. आणि आधीच सांगते — आजी रडते आहे, पश्चात्तापाने वाळली आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. मी नीट जेवते. झोपही लागते.

तुमच्या घरी पाहुणे आले की तुमची आई सांगते, "माझी आई त्या काळात इंग्लंडमध्ये शाळेची डेप्युटी हेड होती. साडी नेसून." ते खरं आहे. लंडनच्या दक्षिणेला, केंटच्या बाजूला, एका प्राथमिक शाळेत मी डेप्युटी हेड होते. साडी, वर कार्डिगन, पायांत लोकरी मोजे. मुलं मला मिसेस कर्णिक म्हणायची, आणि मी व्हरांड्यातून चालायला लागले की धावणारी पोरं आपोआप चालायला लागायची. पण त्या खुर्चीपर्यंत मी कशी पोचले, हे पाहुणे विचारत नाहीत.

साठच्या दशकात तुमचे आजोबा इथल्या हॉस्पिटलात आले आणि मागोमाग मी. पुण्यात मी एम.ए., बी.टी. केलं होतं, इंग्रजी शिकवत होते. इथे पहिल्या मुलाखतीत मला विचारलं गेलं की मला इंग्रजी वाचता येतं का. मी म्हणाले, "येतं, आणि चुका दुरुस्तही करता येतात." ती नोकरी मिळाली नाही. पुढे ही शाळा मिळाली. हे मी सबब म्हणून सांगत नाही. अपमान त्या काळात आपल्या सगळ्यांचेच झाले. कॉव्हेंट्रीच्या आमच्या देशपांडेवहिनींचे माझ्यापेक्षा जास्त झाले, आणि त्यांनी कुणाचं काही वाकडं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शाळेत वेळापत्रक मी करायची. दुधाचे क्रेट, बॉयलर, किल्ल्या, मागे पडलेल्या मुलांचं वाचन — सगळं माझ्याकडे. कारण मी केलं की ते पुन्हा तपासावं लागत नसे. हेडमास्तर मिस्टर प्राइस म्हणायचे, "मिसेस कर्णिकनी सांगितलं म्हणजे झालं." हे वाक्य लक्षात ठेवा. त्याचा मी पुढे उपयोग केला.

आणि तिथे डोरिन हॅलम होती.

मिस हॅलम माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठी, उंच, जरा वाकलेली, नेहमी एका कोपराला खडू लागलेला. तिच्या वर्गात पसारा असायचा — पिसं, शिंपले, बरणीतले बेडूकमासे. हजेरी भरायला विसरायची. पण मुलं तिच्यामागे बदकाच्या पिल्लांसारखी फिरायची. स्टाफरूममध्ये मला पहिल्याच दिवशी "इथे बस, ही खुर्ची कमी कुरकुरते," म्हणणारी तीच. मला सुमन म्हणून हाक मारणारीही तीच एकटी. बाकीच्यांना ते सोपं नाव का जमत नव्हतं, देव जाणे.

आता शाळेतला एक रिवाज सांगते. शाळेभोवती गवत होतं. केअरटेकर मिस्टर क्रॉफ्ट ते पेट्रोलवर चालणाऱ्या मशीनने कापायचे. जुनं मशीन, आवाज तुटक तुटक, घशात काहीतरी अडकल्यासारखा. काम संपलं की कुणीही मशीन असेल तिथेच बंद करेल. मिस्टर क्रॉफ्ट करत नसत. चालू मशीन ढकलत ते खिडक्यांखालून निघायचे, सायकलींच्या शेडमागे, पार कुंपणापर्यंत न्यायचे आणि तिथे बंद करायचे. आवाज हळूहळू लांब जायचा आणि विरून जायचा. एकदा मी म्हणाले, "मिस्टर क्रॉफ्ट, उगीच पेट्रोल जाळता." ते म्हणाले, "बाईंसाठी, मिसेस के." एवढंच. कुठल्या बाई, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ते शाळेत सगळ्यांना माहीत होतं, त्यामागचं नेमकं कारण कुणालाच नाही, आणि कुणीच बोलत नव्हतं. इंग्रज माणसं एकमेकांवर अशी माया करतात — न बोलता, आणि बोललंच तर हवामानाबद्दल.

ते कारण मला डोरिननेच सांगितलं. आम्ही दोघी कपाटात रंगीत कागद लावत होतो — म्हणजे मी लावत होते, ती माझ्या हातात देत होती. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात ती नवी शिक्षिका होती, जवळच्याच एका गावात. तेव्हा जर्मन लोक समुद्रापलीकडून उडते बॉम्ब सोडत. वैमानिक नाही, कुणी नाही, नुसता पंख लावलेला बॉम्ब आणि त्याच्या पाठीवर धडधडणारं जेट इंजिन. लोक त्याला डूडलबग म्हणायचे, जणू एखादा भुंगाच. ते सगळे लंडनच्या रोखाने केंटवरून जात. आवाज येत राहिला तर भीती नाही — तो पुढे चालला आहे, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर. आवाज थांबला की तो खाली येतो आहे. मधे थोडीशी शांतता. बस.

आपण आवाजाला घाबरतो. तिच्या पिढीतली तिथली माणसं आवाज थांबण्याला घाबरायची.

एका सकाळी मुलांना आश्रयाच्या खोलीत न्यायला वेळच मिळाला नाही, आणि शाळेवर येऊन आवाज थांबला. "मी आधी खाली गेले, सुमन," ती म्हणाली. "टेबलाखाली. आणि मग ओरडले — खाली व्हा!" बॉम्ब रस्त्यापलीकडच्या शेतात पडला. खिडक्यांच्या काचा फुटून आत आल्या. खिडकीजवळ एक छोटी मुलगी उभी होती. तिचा एक डोळा गेला. कुणी डोरिनला बोल लावला नाही. उलट, किती शांतपणे वागलीस म्हणून पाठ थोपटली. "आधी ओरडले असते तर ती वाकली असती," ती म्हणाली, आणि मला हिरवा कागद दिला. मी म्हणाले, "हिरवा नाही, निळा." दुसरं काय म्हणणार होते मी? काहीतरी म्हणायला हवं होतं, नाही का?

ती गोष्ट तिने इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मला सांगितली. असं कुणी आपल्याला काही दिलं की ते जपून ठेवायचं असतं. मी जपून ठेवलं — पण कशासाठी, ते आता येतं.

सत्तरचं दशक लागलं होतं. डेप्युटी हेडची जागा रिकामी झाली. शाळेतून आम्ही दोघीच उमेदवार, ती आणि मी. व्यवस्थापक मंडळी येऊन आमच्या वर्गात मागे बसणार, दुपारी मुलाखत, संध्याकाळी निर्णय. डोरिनला जागेची हौस नव्हती. मिस्टर प्राइसनीच तिला उभं केलं होतं. "तिची सेवा जास्त," ते मला म्हणाले. मग जरा थांबून, "आणि पालकांना ती... ओळखीची वाटते." तुम्हाला कळलं ना? मलाही कळलं.

घरी मी तुमच्या आजोबांना म्हणाले, "अहो, मला नाही मिळणार ती जागा."

"नाही मिळाली तर बरंच," ते म्हणाले. "आत्ताच घरात मी व्हरांड्यातून हळू चालतो. डेप्युटी झालीस तर रांगेत उभं करशील."

मी हसले नाही. मला ती जागा हवी होती. ती जागा माझीच होती, असं मला वाटत होतं — आजही वाटतं. त्या शाळेतल्या निम्म्या मुलांना दहाव्या वर्षीही धड वाचता येत नव्हतं, आणि ते कसं शिकवायचं हे मला येत होतं, डोरिनला येत नव्हतं.

त्याच वसंतात मिस्टर क्रॉफ्ट निवृत्त झाले आणि क्विन नावाचा नवा केअरटेकर आला. आयरिश, विधुर, सतत शीळ घालणारा. त्याला शाळा दाखवायचं काम अर्थातच माझं. किल्ल्या दाखवल्या. बॉयलरची कळ कुठे अडकते ते दाखवलं. मग आम्ही बाहेर गवतावर आलो. त्याने विचारलं, "मशीनचं काही विशेष, मिसेस?"

इथे मी थांबले. आत्ता लिहितानाही थांबले आहे — चहा करून आले.

त्याला सांगणं माझं काम होतं. दुसरं कुणी सांगणार नव्हतं, कारण सगळे धरून चालले होते की मी सांगेन. मी विसरले, असं तुम्हाला सांगता आलं असतं. पण मी कधी काही विसरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, "विशेष काही नाही. मात्र मंडळी येणार आहेत त्या सकाळी या खिडक्यांखालचा पट्टा कापा, आणि सुट्टी व्हायच्या आधी इथेच बंद करा. शेडकडे नेऊ नका, तिथे मुलं असतात."

"इथेच?"

"इथेच, मिस्टर क्विन."

ती मिस हॅलमची खिडकी होती.

झालं. सांगितलं. पण थांबा, हे पुरतं झालेलं नाही. तुम्हाला वाटेल हाच तो दोष. मीही बरीच वर्षं स्वतःला तसंच समजावत होते, कारण हा त्यातल्या त्यात लहान आहे.

ती सकाळ छान होती. खिडक्या उघड्या, व्यवस्थापक मंडळी मागे छोट्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसलेली. अध्यक्षबाईंच्या डोक्यावर फिकट टोपी. माझा वर्ग हॉलमध्ये गाणी म्हणायला गेला होता, म्हणून मी व्हरांड्यात, डोरिनच्या वर्गाच्या काचेच्या दाराशी उभी होते. उभं राहायची काही गरज होती का? नव्हती. मी उभी होते.

ती बेडूकमाशांबद्दल सांगत होती, आणि काय सुरेख सांगत होती. अध्यक्षबाईसुद्धा पुढे झुकल्या होत्या. बाहेर मशीन चालू होतं — तुटक तुटक, जवळ, आणखी जवळ. तिचा आवाज जरा चढला, पण ती बोलत राहिली. आवाज चालू होता तोवर तिला भीती नव्हती.

मग क्विनने मशीन बंद केलं.

तिचा चेहरा मी पाहिला. आणि मग ती ओरडली, "खाली व्हा! सगळे खाली!" — उभी राहून, दोन्ही हात पसरून ओरडली. काही मुलं वाकली, काही खिदळली. खिडकीजवळ एक मुलगी तशीच उभी होती. डोरिन टेबलांमधून धडपडत तिच्याकडे गेली, तिला खाली ओढलं आणि पाठ खिडकीकडे करून तिच्यावर पडली. वाटेत बरणी फुटली. पाणी, काचा, आणि ते इवले काळे मासे अध्यक्षबाईंच्या बुटांजवळ तडफडत होते.

काहीच पडलं नाही. बाहेर क्विनची शीळ ऐकू येत होती.

मिस्टर प्राइस धावत आले, मंडळी बाहेर आली. अध्यक्षबाई रुमालाने बूट पुसत माझ्याकडे वळल्या. "मिसेस कर्णिक, हे असं नेहमी होतं का?"

खरं उत्तर माझ्याजवळ होतं — कधीच नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. आणि तुम्ही आत्ता काय पाहिलंत ते तुम्हाला कळलेलं नाही, मला कळलं आहे, या बसा, मी सांगते. दोन मिनिटांचं काम होतं. मंडळींमध्येही त्या वर्षांतून गेलेली माणसं होती, त्यांना लगेच समजलं असतं.

मी म्हणाले, "ती बिचारी खूप प्रयत्न करते."

बघा कसं वाक्य आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही. इंग्रजीत एम.ए. केल्याचा असा उपयोग झाला.

दुपारी क्विनला बोलावण्यात आलं. तो म्हणाला, "मिसेस कर्णिकनी सांगितलं, इथेच बंद करा." मिस्टर प्राइसनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी शेडमागे म्हणाले होते. नेहमीसारखं." क्विनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मिस्टर प्राइसकडे, आणि कुणाचं खरं धरलं जाणार ते त्याला तिथेच कळलं. "असेल, मिसेस," तो म्हणाला. "माझं ऐकण्यात चुकलं असेल." उन्हाळा संपायच्या आत तो दुसरीकडे गेला. त्याची माझ्यामुळे नाचक्की झाली, आणि मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

जागा मला मिळाली.

अजून एक उरलं आहे. इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरते आहे, ते हे.

सत्राच्या शेवटी डोरिन माझ्या नव्या खोलीत आली. तिने नोकरी सोडायचं ठरवलं होतं, समुद्रकाठी बहिणीकडे राहायला जाणार होती. मला वाटलं, ही विचारणार. माझी तयारी होती, काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. पण तिचा चेहरा — मुलांनो, तिचा चेहरा उजळलेला होता. तिने दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाली, "तू दाराशी होतीस ना त्या दिवशी? पाहिलंस?"

"काय?"

"मी आधी ओरडले, सुमन. आधी ओरडले, आणि मग खाली गेले. मला तसंच आठवतं आहे. पण माझ्या आठवणीवर माझा विश्वास नाही. मुलं लहान आहेत, त्या मंडळींना विचारायची लाज वाटते. तू पाहिलंस का?"

तिला दुसरं काही नको होतं. जागा नको होती, माझी माफी नको होती. मी काय केलं हे तिला माहीतच नव्हतं, की माहीत असूनही तिला त्याची पर्वा नव्हती, कोण जाणे. तिला फक्त "हो" हवं होतं. आणि ते देऊ शकणारं या जगात एकच माणूस होतं, कारण आधीची गोष्ट दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हती.

आणि "हो" म्हटलं तर? तर मी सगळं पाहिलं होतं, सगळं समजले होते, आणि समजूनही अध्यक्षबाईंना ते वाक्य बोलले होते, असा त्याचा अर्थ झाला असता. ती ते कुणाला बोलून गेली असती तर? माझी खुर्ची अजून नवी होती.

मी म्हणाले, "माझं लक्ष घड्याळाकडे होतं, डोरिन. मी नाही पाहिलं."

ती मग म्हणाली, "हो, बरोबर. तुझं घड्याळाकडेच असणार." त्यात टोमणा होता का? मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, नव्हता. मग ती माझ्या टेबलावरची फुलदाणी उगीच जरा सरकवून निघून गेली. मी ती पुन्हा जागेवर ठेवली.

बहिणीचा पत्ता शाळेत होता. मी कधी काही लिहिलं नाही. काही वर्षांनी ती गेल्याचं कळलं, तेव्हा शाळेत सगळे मिनिटभर उभे राहिले, आणि डेप्युटी हेड म्हणून तिच्याविषयी दोन शब्द मीच बोलले. चांगले बोलले. मिस्टर प्राइसनी डोळे पुसले.

आता तुम्ही विचाराल, आजी, मग ती जागा सोडावीशी वाटली का? नाही वाटली. ते काम मी इतकं चांगलं केलं की माझ्यानंतर आलेल्यांना जड गेलं. माझ्या काळात त्या शाळेतून वाचता न येणारं एकही मूल बाहेर पडलं नाही. वाण्याचं नाही, क्विनसारख्यांचं नाही, आपल्या लोकांचं तर नाहीच. हे मी पारड्यात टाकायला सांगत नाही. ते एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला ठेवून बेरीज-वजाबाकी करू नका, ती होत नाही. मी ती करून पाहिलेली नाही असं समजू नका. मला ती जागा हवी होती, मी ती घेतली, आणि आज तीच खुर्ची पुढ्यात आली तर मी पुन्हा बसेन.

पण "हो" म्हणायला मला काय लागत होतं? भीती होती, एवढंच. दुसरं काहीही नव्हतं. तिची एक क्षणाची भीती तिला जन्मभर पुरली. माझी मी ठरवून, शुद्धीत, दार बंद असताना, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत वापरली.

तुमच्या आईने हे वाचलं तर वाचू दे. तुम्ही पाहुण्यांना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा. मला तुमच्याकडून उत्तर नको, फोनवर हळू आवाजात बोलणं तर मुळीच नको.

डोरिन हॅलम त्या दिवशी आधी ओरडली. मग ती त्या मुलीवर जाऊन पडली. मी दाराशी उभी होते, आणि मी पाहिलं.

आजी